मिलिंदला पत्र: ह्यूस्टनला घर घेण्याआधी

केटी, टेक्सास
जानेवारी २०२६

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

बदलीचं नक्की झालं हे वाचून आम्ही दोघंही फार खूश झालो. इतकी वर्षं फोनवरच भेटणारा माणूस आता अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायला येणार! त्याच आनंदात तू पाठवलेली एक्सेल शीट उघडली, आणि ती पाहून तुला सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. लोनचा हप्ता, शाळा, सामान हलवण्याचा खर्च, सगळं तू नीट मांडलंयस. पण वीज, गॅस, पाणी आणि इन्शुरन्स या ओळींत न्यू जर्सीतल्या एडिसनचे आकडे तसेच उचलून वर दहा टक्के चढवलेस. तेवढं करू नकोस. टेक्सासात या खर्चांची घडणच वेगळी आहे. एकाच गल्लीतल्या दोन घरांमध्ये वर्षाला काही हजार डॉलरचा फरक पडू शकतो. म्हणून ‘ह्यूस्टनला साधारण किती येतं’ हे कुणालाच विचारू नकोस, मलाही नाही. ‘या पत्त्यावर किती येतं’ एवढंच विचार, आणि तेही सही करण्याआधी.

आधी वीज. न्यू जर्सीत तुझा मोठा खर्च हिवाळ्यातल्या गॅसचा. इथे तो उलटा होतो: गॅसचं बिल किरकोळ, आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत एसी थांबत नाही. टेक्सासचं सरासरी घर न्यू जर्सीच्या घरापेक्षा दीडपटीहून जास्त वीज वापरतं. तुझ्याकडे काका-काकू सहा-सहा महिने राहायला येतात, म्हणजे घर दिवसभर थंड ठेवावं लागणार. ऑगस्टमध्ये दोन हजार युनिट धरूनच चाल.

आता दराचं. ह्यूस्टन आणि डॅलस भागात २००२ पासून वीजविक्री खुली आहे. तारा आणि खांब एका कंपनीचे, आमच्या भागात सेंटरपॉइंटचे. वीज विकणाऱ्या कंपन्या मात्र डझनावारी. (ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओला शहराचीच वीज कंपनी आहे, तिथे ही निवड करावी लागत नाही.) घराचा ताबा घ्यायच्या दिवसापासून कुणाची वीज घ्यायची हे तुलाच आधी ठरवावं लागेल. ‘पॉवर टू चूज’ या सरकारी साइटवर झिप कोड टाकलास की प्लॅनची लांबलचक यादी येते. त्यातला पहिलाच घेऊन मोकळा होऊ नकोस.

प्रत्येक प्लॅनसोबत ‘इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल’ नावाचा कागद असतो. महिन्याला ५००, १००० आणि २००० युनिट वापरले तर सरासरी दर किती पडेल, ते त्यावर छापलेलं असतं. बरेच प्लॅन हजार युनिटला स्वस्त दिसावेत असेच आखलेले असतात. उदाहरणापुरते आकडे घे. वहनखर्च धरून दर युनिटला १५ सेंट, आणि हजार युनिट पूर्ण झाले की १०० डॉलरची सूट. हजार युनिटचे होतात १५० डॉलर, सूट वजा जाता ५०, म्हणजे कागदावर दर ५ सेंट. यादीत हा प्लॅन वरच येणार. पण मार्चमध्ये तू ९९० युनिट वापरलेस, तर सूट नाही आणि बिल १४८ डॉलर ५० सेंट. ऑगस्टमध्ये २००० युनिट गेले, तर २०० डॉलर, म्हणजे दर १० सेंट. पाच सेंटाचा दर वर्षातून एखाद्याच महिन्यात तुझ्या वाट्याला येणार. रात्री किंवा शनिवार-रविवार वीज फुकट देणारे प्लॅन असतात, त्यांचीही हीच गत. फुकट तासांचे पैसे बाकीच्या तासांच्या दरात भरून काढलेले असतात. माझं मत विचारशील तर सूट नसलेला, सगळ्या युनिटला एकच दर असलेला फिक्स्ड प्लॅन घे, आणि त्याची मुदत एप्रिलच्या आसपास संपेल असं बघ. मुदत ऑगस्टमध्ये संपली तर ऐन उन्हाळ्यात चढ्या दराने नवा करार करावा लागतो. मधेच कंपनी सोडली तर दंड असतो, पण घर बदललं म्हणून सोडली आणि नव्या पत्त्याचा पुरावा दिला तर तो लागत नाही. म्हणजे आधी अपार्टमेंटमध्ये राहणार असलास तरी फिक्स्ड प्लॅन घ्यायला हरकत नाही.

बदलत्या दराच्या प्लॅनपासून लांब राहा. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फवादळात घाऊक बाजारातला दर युनिटला ९ डॉलरपर्यंत गेला होता. ज्यांचे प्लॅन घाऊक दराला बांधलेले होते, त्यांना काही दिवसांच्या विजेपोटी हजारो डॉलरची बिलं आली. घरगुती ग्राहकांना तसे प्लॅन विकायला त्याच वर्षी कायद्याने बंदी आली, तरी दर महिन्याला दर बदलणारे प्लॅन आजही मिळतात.

आता वापराचा अंदाज. यासाठी घर विकणाऱ्याकडे मागच्या बारा महिन्यांचा वापर माग. डॉलर नकोत, युनिट माग, कारण त्याचा दर तुझा असणार नाही. ‘स्मार्ट मीटर टेक्सास’ या साइटवरून त्याला तो सहज उतरवून घेता येतो. तो हातात आला की दोन-तीन प्लॅनचे दर प्रत्येक महिन्याला लावून बघ. त्याबरोबर एसीचं वय विचार (दुमजली घराला बहुधा दोन असतात), आणि पोटमाळ्यावर इन्सुलेशन किती जाड आहे ते घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरकडून मोजून घे. पूल असेल तर त्याचा पंपही वीज खातो. आणखी एक गोष्ट काका-काकूंसाठी सांगतो. जुलै २०२४ मध्ये बेरील चक्रीवादळ आलं, तेव्हा ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि काही भागांत ती आठवडाभर आली नाही. काकांचं मशीन रात्री चालू ठेवावं लागतं ना? मग छोटा जनरेटर किंवा मोठी बॅटरी पहिल्या वर्षाच्याच खर्चात धर.

पाण्याचं बिल तुला चक्रावून टाकेल. शहराच्या हद्दीबाहेरच्या बहुतेक वसाहतींना म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे सगळे ज्याला ‘मड’ म्हणतात ते पाणी पुरवतं. या भागात वर्षानुवर्षं भूजल उपसल्यामुळे जमीन खचत गेली. ते रोखण्यासाठी १९७५ साली इथे खास यंत्रणा स्थापन झाली, आणि आता विहिरींचं पाणी कमी करून लांबून नदी-तलावाचं पाणी आणलं जातं. त्याचा आकार बिलात वेगळ्या ओळीत येतो आणि पुष्कळदा पाण्याच्या मूळ दराहून जास्त असतो. उन्हाळ्यात लॉनचे स्प्रिंकलर लावलेस की हीच ओळ फुगते. त्यामुळे जुलै-ऑगस्टचं एक बिल मागून घे, म्हणजे पुरे. कचऱ्याचे पैसे मडच्या बिलात की वसाहतीच्या घरमालक असोसिएशनच्या वर्गणीत, तेही त्यावरूनच कळेल.

मड टॅक्स प्रॉपर्टी टॅक्सवर वेगळा लागतो. सगळे मिळून घराच्या किमतीच्या दोन ते तीन टक्क्यांपर्यंत जातात, आणि वसाहत जितकी नवी तितका मडचा वाटा बहुधा मोठा. तू नवं बांधकाम बघतोयस, म्हणून मुद्दाम सांगतो: पहिल्या वर्षी कर पुष्कळदा मोकळ्या प्लॉटवरच लागलेला असतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर लागतो आणि महिन्याचा हप्ता एकदम वर जातो. बिल्डरचा माणूस दाखवेल तो हप्ता कोणत्या वर्षाच्या करावर काढलाय, ते विचार. होमस्टेडचा, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या करसवलतीचा अर्जही आठवणीने भर. शाळेच्या करासाठी घराच्या मूल्यातून २०२५ पासून १ लाख ४० हजार डॉलरची सूट मिळते.

आता इन्शुरन्स, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. तू शीटमध्ये घराच्या पॉलिसीची एकच रक्कम लिहिलीस. इथे प्रीमियमइतकंच डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आधी आपण सोसायचा वाटा, बघावं लागतं, कारण वारा आणि गारपिटीसाठी ते टक्क्यांत असतं. टक्के कसले, तर घर पुन्हा बांधायला येणाऱ्या रकमेचे. ती रक्कम चार लाख डॉलर आणि डिडक्टिबल दोन टक्के धरलं, तर पहिले ८ हजार तुझ्या खिशातून. काही पॉलिसींत नाव दिलेल्या वादळांसाठी त्याहून मोठी टक्केवारी असते. शिवाय छप्पर जुनं असेल तर काही कंपन्या नव्या छपराचे पैसे देत नाहीत, झीज वजा करून उरतील तेवढेच देतात. म्हणून दोन कंपन्यांचे कोट (दरपत्रकं) शेजारी ठेवशील तेव्हा वाऱ्या-गारांचं डिडक्टिबल आणि छपराची भरपाई या दोन ओळी आधी वाच, प्रीमियम नंतर. छपराचं वय विकणाऱ्याकडून लेखी घे. आणि ‘क्लू रिपोर्ट’ माग. त्या घरावर मागच्या सात वर्षांत कोणते क्लेम झाले ते त्यात असतं. मालकाला तो फुकट मिळतो.

पुराचं पाणी या पॉलिसीत येत नाही, हे तुला माहीत आहेच. बँक सक्ती करते ती फक्त नकाशावर धोक्याच्या पट्ट्यात असलेल्या घरांना. तुझा एजंट म्हणाला की घर ‘झोन एक्स’मध्ये, म्हणजे नकाशावरच्या धोक्याच्या पट्ट्याबाहेर आहे, फ्लड इन्शुरन्सची गरज नाही. मिलिंद, बँकेच्या दृष्टीने गरज नसेल, तुला आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी आलं तेव्हा काही दिवसांत काही ठिकाणी ४० इंचांहून जास्त पाऊस झाला, आणि नकाशावर धोका नसलेली पुष्कळ घरं बुडाली.

केटीच्या पूर्वेला अॅडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत, १९४० च्या दशकात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनी बांधलेले. एरवी ते कोरडे असतात. बार्करमध्ये तर मोठं पार्क आहे, लोक सायकली चालवतात, मुलं फुटबॉल खेळतात. मोठ्या पावसात पाणी अडवून खालचं शहर वाचवणं हे त्यांचं काम. पाणी चढलं की ते बांधाच्या मागे पसरत जातं, आणि त्या पाण्याच्या कमाल पातळीच्या आत सरकारी हद्दीबाहेरच्या खासगी जमिनीवर वसाहती उभ्या आहेत. हार्वीत तिथल्या घरांत पाणी शिरलं. अनेकांना घर घेताना हे कुणी सांगितलंच नव्हतं. २०१९ पासून विकणाऱ्याने ते लेखी सांगणं बंधनकारक झालं: घर जलाशयाच्या फ्लड पूलमध्ये (पाणी चढल्यावर पसरतं त्या भागात) येतं का, आधी पाणी शिरलं होतं का, फ्लडची पॉलिसी आहे का. सेलर्स डिस्क्लोजर, म्हणजे विकणाऱ्याने घराबद्दल लेखी दिलेली माहिती, त्यातलं ते पान सगळ्यात आधी उघड. आपण सांगलीची माणसं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आपल्याला पाढ्यांसारखं पाठ आहे. इथेही तोच प्रश्न विचारायचा: प्लॉटची उंची किती आणि पाण्याची कमाल पातळी किती.

सरकारी फ्लड पॉलिसीत घराला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात. सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं, आणि घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहायचा खर्च त्यात येत नाही. एरवी ती लागू व्हायला ३० दिवस जातात, म्हणून वादळ आखातात आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. घराच्या कर्जासोबत घेतली तर तो थांबा नाही. आणि विकणाऱ्याची फ्लड पॉलिसी चालू असेल तर ती तुझ्या नावावर करून घेता येते का, ते जरूर विचार. जुन्या पॉलिसीचा प्रीमियम नव्या दरापर्यंत टप्प्याटप्प्याने चढतो, आणि तो फायदा तुला मिळू शकतो.

गाडीचं थोडक्यात सांगतो. इथे आल्यापासून ३० दिवसांत गाड्यांची नोंदणी आणि ९० दिवसांत लायसन्स. नोंदणीला टेक्सासचा इन्शुरन्स लागतो, म्हणून तो आधी. दर गाडीमागे ९० डॉलर नव्या रहिवाशांचा कर आहे. कायद्याने लागणारं किमान कव्हर म्हणजे एका माणसाच्या इजेला ३० हजार, एका अपघातात सगळ्यांना मिळून ६० हजार आणि मालमत्तेला २५ हजार. तेवढ्यावर थांबू नकोस. आजच्या एका नव्या गाडीची किंमतही २५ हजारांत भागत नाही. पीआयपी (चूक कुणाचीही असो, गाडीतल्यांच्या उपचारांचा खर्च) आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (समोरच्याचा इन्शुरन्स नसला तर) ही कव्हर नको असतील तर तसं लेखी द्यावं लागतं. एजंट सहीसाठी कागदांचा गठ्ठा पुढे करेल, त्यात हे नकाराचे फॉर्म असतील. त्यांवर सही करू नकोस. सई सोळाची झाली, तिचं नाव घालूनच कोट घे. प्रत्येक घराच्या झिप कोडवर वेगळा कोट घे, फरक दिसेल.

हे सगळं कधी करायचं? ऑफर मान्य झाली की इथे ऑप्शन पिरियड मिळतो, बहुधा आठवडा-दहा दिवसांचा. थोडे पैसे भरून तो घ्यायचा. त्या मुदतीत कारण न देता करार सोडता येतो आणि अर्नेस्ट मनी, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, परत मिळते. बहुतेक जण हे दिवस फक्त इन्स्पेक्शनमध्ये घालवतात आणि इन्शुरन्स क्लोजिंगच्या (अंतिम सह्या आणि ताब्याच्या) आदल्या आठवड्यात बघतात. तू पहिल्याच दिवशी घराचा आणि फ्लडचा कोट मागव. तीन कंपन्यांनी छप्पर बघून नाही म्हटलं, तर ते तुला सुटता येईल तेव्हाच कळायला हवं.

ज्या घरांवर तुमचं मन बसेल त्यांचे पत्ते मला पाठव, आणि डिस्क्लोजरही. रविवारी मी मोकळा असतो. जोराचा पाऊस झाला की मी तिकडे चक्कर मारेन, रस्त्यावर पाणी किती वेळ थांबतं ते बघेन आणि हार्वीत काय झालं होतं ते शेजाऱ्यांना विचारेन. शेजारी खरं सांगतात. अस्मिताला सांग, घर बघायला याल तेव्हा हॉटेल घ्यायचं नाही, आमच्याकडेच उतरायचं. काका-काकूंना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
संजय