ऑफिसात विकतची जळमटं

मा. संपादक,

मी सांगलीत विश्रामबागला एका ऑफिसात काम करते, आमचे क्लायंट अमेरिकेतले, त्यामुळे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, म्हणजे तिकडचा भुताखेतांची सजावट करायचा सण, करायचा असा वरून मेल येतो. हौसेला माझी ना नाही ओ, पोरंपोरी राबून करतात. पण गंमत बघा, घरी आम्ही दिवाळीआधी झाडू बांबूला बांधून जळमटं काढतोय आणि ऑफिसात कापसाची जळमटं विकत आणून लावतोय! २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती, पहाटे पायाखाली कारिट फोडून, उटणं लावून गेले तर दारात प्लॅस्टिकचा सांगाडा. सफाईवाल्या मावशी दचकल्याच, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं काढायचं कुणी, तर त्यांनीच.

हा सण मूळचा आयर्लंडकडचा, सुगी संपून थंडी सुरू होताना मेलेले परत येतात अशी समजूत. तिकडं आधी सलगम कोरून दिवे करायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. म्हणजे आपल्या पितृपक्षाचाच लांबचा पाहुणा म्हणा की, फक्त आपण पितरांना जेवायला बोलावतो, घाबरवत नाही. आमच्यात कोरलेल्या भोपळ्याचा गर मी डब्यात भरून घरी नेला, घारगे केले, सगळ्यांनी खाल्ले.

तक्रार एवढीच की तो कापूस गरम दिव्यांवर आणि बाहेर पडायच्या दारावर लावू नका, पेटला तर पळायचं कुठनं? आणि आवरायला मावशींच्या जोडीला सजवणाऱ्यांनी पण थांबावं.

- एक वाचक, सांगली