विषय : ‘शिकारीसाठी टिकाऊ’ म्हणून विकलेल्या धनुष्याच्या साइटची (नेम धरण्याच्या उपकरणाची) वॉरंटी, शिकार केली नाही या कारणावरून नाकारल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज सकाळी झालेले बोलणे शेवटचे ठरावे अशी माझी इच्छा असल्यामुळे हे पत्र थेट आपल्या नावे पाठवत आहे. बिलाची प्रत, तक्रार क्रमांक आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आपली साइट कशी चालते हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही असे मी गृहीत धरतो, कारण ते निदान आपल्या कार्यालयात तरी कोणाला ठाऊक असेलच.

मी सोलापुरात मुलांना कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याची, धनुर्विद्या शिकवतो. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेतेपद मिळवल्यापासून आमच्याकडे येणारी मुले रिकर्व्हपेक्षा (बिनचाकांच्या, टोके वळलेल्या धनुष्यापेक्षा) कंपाउंडच मागतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार हे कळल्यापासून तर पालकही मागतात. ही मुले तालुक्याच्या गावांहून एस.टी.ने येतात. धनुष्याची पेटी कधी रॅकवर असते, तर कधी दुसऱ्याच्या पोत्याखाली. मैदानावर धूळ असते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. लांब दांडीची, भिंगाची, नाजूक टार्गेट साइट अशा वापरात टिकत नाही हा अनुभव असल्यामुळे मी मुद्दाम शिकारीच्या वापरासाठी बनवलेली साइट शोधत होतो. पिनभोवती, म्हणजे नेम जुळवण्याच्या टोकाभोवती, धातूचे जाड कडे असावे, त्या टोकाला उजळवणारा दृष्टितंतू म्हणजे फायबर उघडा लोंबकळू नये, पिन एकच असावी, खाली-वर सरकणारा भाग घट्ट आवळून ठेवणारी कळ असावी आणि मुख्य म्हणजे सरकपट्टी व तिचे दातेरी चाक धातूचे असावे, एवढ्याच माझ्या अपेक्षा होत्या. आपल्या जाहिरातीत यातील प्रत्येक गोष्ट लिहिलेली होती. ‘संपूर्ण धातूची बांधणी’, ‘शिकारीच्या खडतर वापरासाठी’, ‘आजीवन वॉरंटी’ हे शब्द आपलेच आहेत. त्या शब्दांसाठी मी बाजारातील इतर साइटच्या जवळजवळ दुप्पट किंमत मोजली.

साइट बसवल्यानंतर थोड्याच आठवड्यांत सरकपट्टीला ढिलाई आली. कळ पूर्ण आवळूनही प्रत्येक बाणाच्या धक्क्याबरोबर साइट केसभर खाली उतरू लागली. साइट खाली उतरली की बाण वर जातो, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या प्रतिनिधीला माहीत नव्हते, कारण त्याने मला ती आणखी थोडी खाली घेऊन पाहण्याचा सल्ला दिला. डोळ्यापासून पिनपर्यंतचे अंतर पाऊण मीटर धरले, तर पिन एक मिलिमीटर हलल्यावर ५० मीटरवर बाण साडेसहा सेंटिमीटरहून अधिक सरकतो. कंपाउंडच्या ८० सेंटिमीटर फेसवरील, म्हणजे लक्ष्याच्या कागदावरील, दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे मधोमध लागणारा बाण एवढ्याने सरळ नऊमध्ये जातो, आणि ही ढिलाई दर बाणाला वाढत असल्यामुळे एका मुलीचे बाण निवड चाचणीत आठ आणि सातपर्यंत वर चढत गेले. तिने दर फेरीनंतर साइट जागेवर आणली, स्क्रू आवळले, खूण केलेली रेघ जुळवली, पण पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्या दिवशी ती रडली नाही, माझ्याकडे पाहून फक्त ‘सर, साइट राहतच नाही’ एवढेच म्हणाली.

त्यानंतर मी ती साइट अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या एका फिटरकडे नेली. दिवसभर हादरणाऱ्या यंत्राचे दाते कसे झिजतात हे त्याच्याइतके जवळून पाहणारा माणूस शोधून सापडणार नाही. त्याने चाकाच्या कडेवर खिळ्याच्या टोकाने एक ओरखडा मारला. वरचा काळा रंग निघाला आणि खाली राखाडी, किंचित तंतुमय थर दिसला. दोन दात्यांची टोके गोल झाली होती आणि तिसऱ्याच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली होती. ‘साहेब, हे रंग मारलेलं नायलॉन हाय,’ तो म्हणाला, ‘मागाला लावलं तर दोन पाळ्यासुदीक निघनार न्हाई.’ ‘संपूर्ण धातूची बांधणी’ या आपल्या शब्दांचा अर्थ मला त्या दुकानात कळला. याचे छायाचित्र क्रमांक दोनवर आहे.

आता आजच्या संभाषणाकडे येतो. ते मी आपल्यापुढे शब्दशः मांडतो, कारण ‘गुणवत्तेच्या उद्दिष्टाने’ आपण ते ध्वनिमुद्रित केले आहे असे आपल्याच यंत्राने मला सांगितले होते आणि तपासून पाहणे आपल्याला सोपे जाईल.

आपल्या प्रतिनिधीने विचारले, ‘सर, प्रॉडक्ट कशासाठी वापरलं?’ मी सांगितले, ‘टार्गेट प्रॅक्टिससाठी.’ त्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे हंटिंगसाठी नाही?’ मी नाही म्हटले. थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला. मग तो म्हणाला, ‘सर, हे हंटिंग मॉडेल आहे. वॉरंटी नॉर्मल हंटिंग यूजला आहे. टार्गेट प्रॅक्टिस एक्सेसिव्ह यूजमध्ये येते.’ मी शांतपणे विचारले, ‘म्हणजे मी शिकार केली असती तर साइट बदलून मिळाली असती?’ ‘हो सर, मग केस कन्सिडर केली असती.’ ‘त्यासाठी काही पुरावा लागतो का?’ यावर त्याने क्षणभरही न थांबता उत्तर दिले, ‘फोटो असेल तर अटॅच करा, सर.’

महोदय, मी सोलापुरातून बोलत होतो. शहराजवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे आणि त्या माळरानावर काळवीट चरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे. आपली कंपनी या देशात शिकारीची साइट विकते, त्या साइटने शिकार केली नाही म्हणून वॉरंटी नाकारते आणि शिकार केली असेल तर तिचे छायाचित्र मागते. ते छायाचित्र मी आपल्या संकेतस्थळावर चढवायचे की वन विभागाला परस्पर द्यायचे, एवढे तरी आपण कळवावे. कारागृहातून वॉरंटीचा अर्ज भरण्याची सोय आपण केली असेल, तर तीही कळवावी.

‘अतिवापर’ हा शब्दही मला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांप्रमाणे कंपाउंड धनुष्याची ओढ ६० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही आणि माझ्या मुलांची धनुष्ये त्याहूनही हलकी आहेत. परदेशातील शिकारी, ज्यांच्यासाठी आपण ही साइट बनवल्याचे सांगता, ते ७० पौंडांपर्यंतची धनुष्ये सर्रास वापरतात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी महिनोन्महिने सरावही करतात. जी साइट ५० पौंडांच्या धनुष्यावर मुलींच्या हातात टिकली नाही, ती ७० पौंडांच्या धनुष्यावर झाडाच्या मचाणावरून टिकली असती, हे गणित मला आपल्या अभियंत्यांकडून ऐकायला आवडेल.

दुसरे कारण याहून मासलेवाईक होते. ‘तुम्ही स्क्रू उघडले आहेत, त्यामुळे वॉरंटी रद्द झाली,’ असे मला सांगण्यात आले. ज्या चावीने मी स्क्रू आवळले ती अ‍ॅलन की (षटकोनी चावी) आपल्याच खोक्यात, आपल्याच पिशवीत, आपल्याच चिन्हासह आली होती. ‘वेळोवेळी सर्व स्क्रू तपासा आणि निळे थ्रेडलॉकर लावा’ ही सूचना आपल्याच माहितीपत्रकात आहे; थ्रेडलॉकर म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचा द्रव. मी हे म्हटल्यावर आपला प्रतिनिधी म्हणाला की थ्रेडलॉकरमुळे प्लास्टिकला तडे जातात. मी विचारले, ‘प्लास्टिक? संपूर्ण धातूच्या साइटमध्ये प्लास्टिक कुठून आले?’ त्यानंतर मला होल्डवर ठेवण्यात आले आणि आपल्या कंपनीचे संगीत ऐकवण्यात आले. संगीत चांगले होते. थोड्या वेळाने फोन आपोआप बंद झाला.

मला राग आहे तो केवळ पैशाचा नाही. आपल्याच कंपनीची एक जुनी साइट माझ्या स्वतःच्या धनुष्यावर आहे. तिचा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला पोचा आला आहे, तरी तिची पट्टी आजही तसूभर हलत नाही, कारण तिच्यात खरोखर धातूचे चाक आहे. त्या साइटच्या भरवशावर मी इतर प्रशिक्षकांना आपले नाव सुचवत आलो. ते आता थांबवले आहे, आणि का थांबवले हे विचारणाऱ्याला चाकाच्या त्या ओरखड्याचे छायाचित्र दाखवत आहे.

माझी मागणी बदली साइटची नाही, कारण त्याच नायलॉनच्या चाकाची दुसरी साइट घेऊन मी काय करू? मला पूर्ण रक्कम परत हवी आहे. वॉरंटी नाकारण्याचे कारण आपल्या अधिकृत पत्रावर, जबाबदार व्यक्तीच्या सहीने हवे आहे, आणि त्यात ‘शिकार न केल्यामुळे’ हे शब्द जसेच्या तसे असावेत. तसेच ‘संपूर्ण धातूची बांधणी’ हा दावा जाहिरातीतून काढावा. पंधरा दिवसांत हे झाले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे उत्तर द्यायला आपल्या वकिलांना सोलापूरला यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, हेही मी पाहून ठेवले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आजच नोंद केली आहे.

साइट परत हवी असल्यास आपल्या खर्चाने माणूस पाठवून ती नेण्याची व्यवस्था करावी. स्क्रू मी उघडलेले नाहीत, मात्र आपल्या अ‍ॅलन कीने आवळलेले आहेत. ती कीदेखील खोक्यात ठेवली आहे. यापुढे मला फोन करू नये, जे काही असेल ते लेखी कळवावे.

आपला ग्राहक,
सोलापूर