बरणीतले फुरसे आणि छंदाची सुरुवात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की आपल्या पानांवर एक छायाचित्र हमखास येते. अंगणात उभा तरुण, हातात शेपटीने धरलेला नाग, आणि खाली 'जीवदान' हा शब्द. ते पाहून गावोगावची मुले एकच गोष्ट विचारू लागतात: विषारी साप पाळायला सुरुवात कुठून करायची? फुरसे लहान असते, ते बरणीत राहील का? या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडचा विषारी साप छंद म्हणून पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार साप पकडणे हीसुद्धा 'शिकार'च ठरते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, इतकेच काय धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. तिथे शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड किमान २५ हजार रुपये. पकडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो हाती आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. 'वाचवलेला साप दोन-चार दिवस घरी ठेवला' असे सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. संशोधन, शिक्षण किंवा औषधासाठी विष काढणे यांना परवाना मिळू शकतो. छंदाला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी बरणीचे गणित जुळत नाही. कातळावर, जांभ्याच्या चिऱ्याखाली राहणारे फुरसे जेमतेम हात-सव्वा हात लांब. दगडाखालचा गारवा आणि वरचे ऊन यांच्यामध्ये सरकत ते आपल्या अंगाचे तापमान राखते. बरणीत सरकायला जागाच नाही. मे महिन्यात पत्र्याच्या पडवीत ठेवलेली बरणी दुपारच्या एका तासात जीव घेते, झाकणाला भोके असोत वा नसोत. त्यातून वाचले तर ते खात नाही. रानातून धरलेला साप धास्तीने अन्न टाकतो, पोटातले जंत बळावतात, पाण्यावाचून कात अंगावरच फाटून चिकटते, जाळीवर तोंड घासून हिरड्या चिघळतात. दूध पाजणे हा तर छळच आहे. तहानेने व्याकूळ साप तोंडाशी आलेले काहीही ओढतो, म्हणून ते त्याचे अन्न ठरत नाही. दात काढलेला साप निर्धोक, ही समजूतही खोटी. पुढच्या विषदंतामागे राखीव दात रांगेत तयार असतात आणि काही आठवड्यांत नवा दात जागेवर येतो.

'पिल्लू आहे, काय करणार?' हेही नेहमीचे. घोणस अंडी घालत नाही. मे ते जुलैत ती एका खेपेला वीस-चाळीस पिल्ले देते, आणि प्रत्येक पिल्लू पहिल्या दिवसापासून विष घेऊनच हिंडते. पुष्कळांना ते अजगराचे पिल्लू वाटते आणि सरळ उचलले जाते. घोणशीला मानेशी धरणेही भरवशाचे नाही. तिचे लांब, दुमडणारे दात तिच्याच खालच्या जबड्यातून आरपार येऊन धरणाऱ्याच्या बोटात शिरू शकतात.

'मग परदेशात कसे पाळतात?' हा पुढचा प्रश्न. पाळतात, पण तिथली सुरुवात बघा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये विषारी सरपटणाऱ्या प्राण्यांचा परवाना मागणाऱ्याला आधी जाणकाराच्या हाताखाली निदान १,००० तास काम केल्याची नोंद दाखवावी लागते. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. कुलूपबंद खोली, कुलूपबंद पेटी, पेटीवर जातीचे नाव, दंशानंतर काय करायचे त्याचा कागद आणि त्या जातीचे प्रतिविष (दंशावरचे औषध) कुठे मिळेल याची माहिती, एवढे झाल्यावर साप येतो. आपल्याकडे दोन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ पाहिले की झाले! परदेशी साप चोरवाटेने आणण्याची भाषा करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की त्याच्या दंशावर देण्यासारखे जिल्ह्यात काहीही नसेल.

कारण लोक जिला 'लस' म्हणतात ते आपले प्रतिविष फक्त चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोड्याला या चौघांचे विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातून ते तयार होते. आंबोली-तिळारीकडचा चापडा (पिट व्हायपर) त्यात नाही, दोडामार्गाच्या बाजूला आढळणारा नागराज (किंग कोब्रा) नाही, रापणीत किंवा ट्रॉलरच्या जाळ्यात येणारे समुद्री सापही नाहीत. शिवाय देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष बहुतांश तमिळनाडूतून, चेन्नईजवळच्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येते. जात तीच असली तरी प्रदेशागणिक विषाचा गुण बदलतो, म्हणून तिथल्या विषावर बेतलेले औषध इथल्या दंशाला जास्त लागू शकते. ती संस्थाही साप कायमचा ठेवत नाही. परवान्याने पकडलेला साप सुमारे तीन आठवडे मडक्यात ठेवतात, चार वेळा विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून रानात सोडतात.

पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर, काय होते, तेही छंद करणाऱ्यांनी आधी वाचावे. सुरुवातीलाच १० मिलिलिटरच्या आठ ते दहा कुप्या शिरेतून साधारण तासाभरात देतात. मूल असले तरी मात्रा तेवढीच, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. या औषधाचीच भयंकर अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून ते अ‍ॅड्रेनालिन हाताशी असलेल्या दवाखान्यातच घ्यायचे. वारंवार साप हाताळणाऱ्याला सापाच्या विषाचीही अ‍ॅलर्जी जडते. 'दोनदा चावला, आता मला काही होत नाही' म्हणणारा तिसऱ्या वेळी विष चढण्याआधी अ‍ॅलर्जीनेच कोसळू शकतो.

फुरशाचा दंश फसवा असतो. जरा सूज, जरा ठणका, माणूस चालत घरी येतो आणि जेवतोही. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ लागते. ते आधी कळण्याची परीक्षा अगदी स्वस्त आहे. नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन न हलवता २० मिनिटे ठेवायचे आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात भिनले आहे. नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणाने धुतलेली असेल, तर परीक्षा चुकते. काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठायला सुरुवात होते. मण्यारीचे उलट: रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या उघडत नाहीत, आणि पुढे श्वास थांबतो. तिथे प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटर लागतो, आणि घाटावरच्या किंवा गोव्याच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता प्रत्येक वाडीतून लांबच आहे. दंश झाला तर अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला डाव्या कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. देवाला गाऱ्हाणे नंतर घाला.

एवढे सांगूनही ज्याची ओढ जात नाही, त्याच्यासाठी कोकणात काम भरपूर आहे. पहिले वर्षभर एकही साप हातात न घेता फक्त ओळख पक्की करावी. कवड्या आणि मण्यार, मांजऱ्या आणि फुरसे, डुरक्या घोणस आणि घोणस या दिसायला सारख्या जोड्या (पहिला बिनधोक, दुसरा जीवघेणा) फोटोवरून दहापैकी दहा वेळा सांगता आल्या पाहिजेत. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात, हे डोळ्यांत भरायला वेळ लागतो. मग वनविभागाला माहीत असलेल्या, दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाबरोबर जावे. आधी गर्दी मागे हटवण्याचे काम, पुढे पिशवी धरण्याचे.

साहित्य फार नाही. तीन-चार फुटांची आकडी, घोट्याच्या वर येणारे बूट, बॅटरी, आणि काळ्या जाड सुती पिशवीच्या तोंडात पक्की बसवलेली दोन-अडीच फुटांची पीव्हीसी नळी. नाग अंधारे बीळ शोधतच असतो. नळी भिंतीच्या कडेला लावून मागून आकडी दाखवली की तो आपण होऊन आत जातो, हात लावावा लागत नाही. चिमट्याने मात्र बरगड्या मोडतात. फुरसे सहसा पळत नाही, वेटोळे घालून करकरत बसते. त्याला आडव्या ठेवलेल्या झाकणाच्या बादलीत आकडीने सरकवावे. पिशवीतून दात आरपार येतो, म्हणून बांधलेली पिशवीही भोके पाडलेल्या कडक डब्यात ठेवायची. ती मोटारसायकलच्या हँडलला लटकवून मांडीला घासत नेणे ही आपल्याकडची सर्रास चूक. आणि सोडायचा तो त्याच दिवशी, वनविभागाला कळवून, पकडल्या जागेच्या शक्य तितक्या जवळ. लांब घाटात नेऊन सोडलेल्या सापाला तिथली बिळे ठाऊक नसतात, तो भटकत राहतो आणि रस्त्यावर चिरडला जातो.

संपादक महाशय, एक विनंती आपल्यालाही. हातातल्या नागाचे छायाचित्र छापू नये. जमिनीवरच्या सापाचे छापावे, आणि त्याखाली पकडणाऱ्याच्या नावाऐवजी सापाची जात, तो सापडला ती जागा (गडगा, लाकडांचा ढीग, गवताची उडवी, न्हाणीघर) आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांक द्यावा. भातकापणीला अजून अवकाश आहे, पण कलमांच्या बागांतला पालापाचोळा आता उपसला जाईल आणि फुरशांवर हात पडतील. पहिले छायाचित्र त्याआधी आले तर बरे.

आपले,
कोकणात सर्प-बचावाचे काम करणारे काही जण