काका, तो रिकामा पाय उचलून दाखवलात त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी नौपाड्यात, समोर माणूस बसवून चित्रं काढतो त्या हॉलवर गेले तेव्हा कळलं, की तुम्ही बिऱ्हाड आवरून गावी गेलात आणि आता मॉडेल म्हणून येणार नाही. स्टँडवर कॉलेजातला एक मुलगा बसला होता. चांगला बसला, उगाच नावं ठेवत नाही. पण माझा हात कागदावर नुसताच फिरत राहिला. या माणसाचे आपण एकदाही नीट आभार मानले नाहीत, एवढंच डोक्यात घोळत होतं. समोर असताना म्हटलं असतं तर तुम्ही ‘असू द्या हो ताई’ म्हणून चहाकडे वळला असता, हेही माहीत आहे. म्हणून लिहिते. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल. बाकीच्यांनीही वाचलं तर बरंच. काही जणांनी तर वाचायलाच हवं.

तुमच्या आधी मी ठाण्यातच एका क्लासला जायचे. नाव घेत नाही. फी मात्र त्यांनी सगळी आगाऊ घेतली होती. तिथे माणसं काढायची ती फोटोवरून. भिंतीवर एक तक्ता होता, आठ डोक्यांचा माणूस. म्हणजे डोक्याची उंची हे माप धरायचं आणि त्याच्या आठपट अख्खा माणूस. आदर्श पुतळ्यांना हे ठीक आहे, खरी माणसं साडेसातच्या आसपास असतात आणि तुम्ही, रागावू नका, सातातच बसता. पण तिथल्या सरांचा आठाचा हट्ट. आले की माझ्या रेघेवर जाड पेन्सिलीने स्वतःची रेघ ओढायचे, ‘प्रॅक्टिस करा’ म्हणायचे आणि फोनवर बोलत पुढच्या बोर्डाकडे जायचे. काय चुकलं विचारलं की उत्तर एकच, ‘हात बसला नाही अजून’. पुढे तर म्हणाले, ‘ताई, या वयात फिगर ड्रॉइंग, माणसं काढणं, कशाला? फुलं काढा, वारली शिका, भेट द्यायला पण बरी पडतात.’

वारलीला भेटवस्तूच्या रांगेत बसवल्याचा राग वेगळा, पण बायकांना फुलांकडे पाठवायची रीत जुनी आहे. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मध्ये सुरू झाली. संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे योहान झोफनी नावाच्या चित्रकाराने सभासद नग्न मॉडेलभोवती जमलेत असं चित्र काढलं. त्यात पुरुष खोलीत हजर, या दोघी मात्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! मॉडेल असलेल्या खोलीत बाई दाखवणं बरं दिसत नव्हतं. त्या शाळेत मुलींना नग्न मॉडेलच्या वर्गात बसायची परवानगी मिळाली ती १८९३ मध्ये, तीही मॉडेलच्या अंगावर थोडं वस्त्र ठेवून. आमच्या सरांना हा इतिहास माहीत असण्याची शक्यता नाही. परंपरा तेवढी चोख चालवत होते.

असो. विषय तुमचा आहे.

हॉलवर मी आले तेव्हा माझी सगळी माणसं विठोबासारखी समचरण उभी असायची. दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे सरळ, कंबर सरळ. तुम्ही स्टँडवर मस्त सैल उभे असायचा आणि माझ्या कागदावर राष्ट्रगीत चालू. कधी मी तुमचा गुडघा वाकवून दाखवायचे, मग तर तो माणूस पडायलाच लागायचा. कुठून पडतोय ते काही सापडत नव्हतं. फोटोवर शिकल्याचा हा तोटा. कॅमेरा एका डोळ्याने बघतो आणि सगळं सपाट करून देतो. कडा दिसतात, भार दिसत नाही.

तुम्ही कधी कुणाच्या बोर्डात डोकावत नव्हता. मध्यंतर झालं की शर्ट चढवायचा, कप घ्यायचा आणि खिडकीशी जायचं. त्या दिवशी माझा बोर्ड वाटेत होता म्हणून थांबलात. बघितलंत आणि म्हणालात, ‘ताई, हा पडेल.’ मी ओशाळून हसले. एवढं बोलून तुम्ही गेला असता तरी चाललं असतं, चहाची वेळ तुमच्या हक्काची होती. वीस मिनिटं न हलता उभं राहिल्यावर पोटऱ्यांचं काय होतं ते मी नंतर घरी करून बघितलंय.

तुम्ही कप खिडकीत ठेवलात. परत स्टँडवर चढलात, खालच्या टेपच्या खुणांवर पावलं बरोबर बसवलीत, हात होता तसा कमरेवर घेतलात. मग म्हणालात, ‘आता पायाकडे बघा.’ आणि डावं पाऊल जमिनीपासून दोन बोटं वर उचललंत.

बाकी काही हललं नाही. खांदा नाही, कंबर नाही, मान नाही. पाऊल हवेत, आणि माणूस होता तसाच उभा.

‘हा रिकामा आहे. याच्यावर काही नाही. सगळा माल इकडे,’ असं म्हणून तुम्ही उजव्या मांडीवर थाप मारलीत. मग एस.टी.त कंडक्टर होतात तेव्हाचं सांगितलंत. ठाणे-भिवंडीच्या गाडीत एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच, धरायला हातच नाही. म्हणून कंबर सीटच्या कोपऱ्याला टेकवायची, एका पायावर भार घ्यायचा आणि दुसरा मोकळा ठेवायचा, धक्का बसला की पुढे टाकायला. ‘दोन्ही पायांवर ताठ उभा राहणारा कंडक्टर पहिल्या ब्रेकला ड्रायव्हरच्या मांडीवर.’ आम्ही दोघं हसलो. तुमच्या चहावर तोवर साय धरली होती.

काका, अथेन्सच्या संग्रहालयात एका मुलाचा संगमरवरी पुतळा आहे, इसवी सनपूर्व ४८० च्या आसपासचा. त्याच्या आधीचे ग्रीक पुतळे एक पाय पुढे टाकून, पण दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे असायचे. या मुलाने भार एका पायावर घेतलाय आणि त्यामुळे त्याची कंबर तिरकी झालीय. कलेच्या इतिहासात याचं केवढं कौतुक आहे! हे मला आधी वाचून पाठ होतं. कळलं मात्र तुमच्या पावलाखालची ती दोन बोटं जागा दिसल्यावर.

नंतरचं सगळं त्यातून आपोआप सुटत गेलं. भार ज्या पायावर, त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन्ही रेघा उलट दिशांना कलतात. मी दोऱ्याला कपाटाची किल्ली बांधून ओळंबा केला. गळ्याखालच्या खळग्यावरून सोडला की तो भाराच्या पायाच्या घोट्याशी येतो. येत नसेल तर माणूस कशाला तरी टेकलेला असतो, नाहीतर पडत असतो. आता गेश्चर काढताना, म्हणजे एका मिनिटाच्या झटपट पोझमध्ये, डोकं मी आधी काढतच नाही. पहिली रेघ भाराची, खळग्यापासून घोट्यापर्यंत. नाक-डोळे राहिले तर राहू देत.

ऑफिसला जाताना लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या बायका बघते आणि मनातल्या मनात प्रत्येकीचा रिकामा पाय शोधते. तलावपाळीला कठड्याशी उभी असलेली माणसंही सोडत नाही. नवरा म्हणतो, लोकांच्या पायांकडे काय बघत असतेस.

पण आभार खरं तर त्यापुढच्या गोष्टीचे मानायचेत, जी तुम्ही कधी बोलूनही दाखवली नाहीत. त्या दिवसानंतर उभी पोझ असली की टायमर लावायच्या आधी तुम्ही रिकामं पाऊल हळूच उचलायचा, टेकवायचा आणि माझ्याकडे एक नजर टाकायचा. सांगितलं कुणीच नव्हतं, त्याचे जास्तीचे पैसेही नव्हते. एका गृहस्थांनी त्यावरून तुम्हाला ‘हलू नका हो’ म्हणून दटावलंही होतं. तुम्ही ‘नाही हलत’ म्हणालात, आणि पुढच्या पोझला परत उचललंत.

तेच गृहस्थ तुम्ही समोर असताना तिसऱ्याला सांगायचे, ‘मॉडेलचा हात जरा डावीकडे घ्यायला सांगा.’ तुम्हाला ऐकू येत नसल्यासारखं. घाम नाकाच्या शेंड्यावर आलाय, कागद उडतात म्हणून पंखा बंद, आणि यांना सावली पाहिजे तशी पडत नाही म्हणून तक्रार. काम झालं की बोर्ड बगलेत मारून चालते व्हायचे. याउलट तुम्ही. पहिल्या दिवशी बरगड्या आणि खांद्याची पाती दिसावीत म्हणून बनियन काढायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, ‘ताईंना चालेल ना?’ समोर बसणाऱ्या बाईला असं विचारणं मी तरी आणखी कुठे ऐकलं नाही. शिकवायचा पगार घेणारे बघतसुद्धा नाहीत आणि ज्याचं ते कामच नाही तो चहा गार करून शिकवून जातो, हा हिशोब मला अजून लागलेला नाही. अशी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय, एवढंच म्हणते. मी हल्ली ऑफिसात नव्या मुलीला काम समजावताना खुर्चीतून उठून तिच्या टेबलाशी जाते. ही सवय तुमच्याकडून लागली.

आता कामाचं. तुमचं पाठमोरं उभं चित्र, ज्यात उजवं पातं खाली आलंय, ते मी तुम्हाला देणार आहे. तुमच्या मुलाशी बोलणं झालंय, तो पुढच्या महिन्यात ठाण्याला येतोय. चारकोलचं आहे, बोट लागलं की पुसतं, म्हणून मी फ्रेम करूनच देते, मधे पुठ्ठ्याचं माउंट ठेवून, म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही. गावी लॅमिनेशन करायला कुणी सुचवेल, अजिबात करू नका. आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. काकूंना नमस्कार. गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवलंत का, ते मुलाबरोबर कळवा.

तुमची,
खिडकीजवळच्या बोर्डावरची ताई