रशियाचा अभ्यास १९९१ला संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रशियावरचा कालचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसले होते, पण राग निवू दे म्हणून सकाळपर्यंत थांबले. तो निवला नाही. लेखकमहाशय म्हणतात, पाव शतक सगळं एकाच माणसाच्या हातात असेल, तर तिथल्या आजच्या राजकारणात विद्यापीठानं शिकवावं असं काय आहे? १९९१ला सोव्हिएत संघ मोडला, तिथवरचा इतिहास शिकवा, पुरे झालं.

अहो, सगळं एका माणसाच्या हातात गेलं कसं, हेच तर शिकायचं असतं!

मी राज्यशास्त्रात एम. ए. केलं. रशियाच्या पेपरला राष्ट्राध्यक्षाचे अधिकार आणि कार्यकाळ यावर प्रश्न होता. मी लिहिलं, कार्यकाळ सहा वर्षं. १९९३च्या राज्यघटनेत तो चार होता, २००८ साली दुरुस्ती झाली, २०१२च्या निवडणुकीपासून ती लागू झाली. निकाल लागला, तर या पेपरात मी कशीबशी पास. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ‘सहा’ या शब्दाभोवती लाल पेनाचा गोल आणि समासात ‘४’. पुढच्या पानावर २०२०च्या घटनादुरुस्तीबद्दल लिहिलं होतं, त्या अख्ख्या पानावर तिरकी रेघ.

पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले. अर्जाला कार्यकाळ सांगणारं घटनेचं ८१वं कलम जोडलं, वर रशियन मूळ, खाली माझं मराठी भाषांतर. खिडकीवरच्या बाईंनी टाचणी काढून ते कागद मला परत दिले. ‘याला काही जोडायचं नसतं,’ म्हणाल्या. दीड महिन्यानं कळवलं, गुणांत बदल नाही. पेपर तपासला होता तो २००८च्या आधीच्या नोट्सवरून, हे पुढे एका सरांनीच सांगितलं. त्या नोट्स आजही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. गेल्या महिन्यात मी स्वतः पाहिल्या.

रेघ मारलेल्या पानावर काय होतं, तेही सांगते. एका व्यक्तीला ‘सलग’ दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, असं १९९३ची घटना सांगायची. रशियनमध्ये तो शब्द ‘पद्र्याद’. या एका शब्दाच्या आधारानं पुतिन २००८ला बाजूला झाले, मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष आणि पुतिन पंतप्रधान अशी चार वर्षं गेली, आणि २०१२ला पुतिन परत आले. २०२०मध्ये घटनेतून ‘सलग’ काढून टाकला. म्हणजे बंधन उलट कडक झालं असं वाटेल. पण त्याच दुरुस्तीत आधीच्या कारकिर्दी हिशेबात धरायच्या नाहीत, असंही घातलं, आणि पुतिन यांना २०३६पर्यंतची वाट मोकळी झाली. ही सूचना १० मार्च २०२०ला दुमात, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मांडली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांनी. १९६३ साली अंतराळात गेलेली पहिली महिला म्हणून आपली मुलं ज्यांचं नाव स्पर्धापरीक्षेसाठी पाठ करतात, त्याच या बाई. दुमात त्या बसतात आणि तिथे त्यांनी काय केलं, हे त्या मुलांना कुणीही सांगत नाही.

गव्हर्नरचंही तेच. नोट्समध्ये त्याचं भाषांतर ‘राज्यपाल’ केलंय. त्यामुळे पोरं समजतात, तो केंद्रानंच नेमायचा असतो, त्यात विशेष काय? तिथला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा प्रांताचा कारभार चालवणारा, आणि तोही लोकांनी थेट निवडलेला असायचा. २००४ साली बेसलान शहरातल्या शाळेवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्यानंतर ती निवडणूकच बंद केली. परत आली ती २०१२ला, अटी घालून. एका शब्दाच्या भाषांतरानं हा सगळा प्रकार झाकून टाकला!

तिथे जाऊन अभ्यास करणं आता अवघड आहे, हे मला मान्य आहे. जनमत चाचण्या घेणाऱ्या लेवादा सेंटरवर २०१६लाच ‘परकीय एजंट’ असा शिक्का बसला. समाजशास्त्रज्ञ बोरिस कागार्लित्स्की युक्रेन युद्धात क्रिमियाच्या पुलावर झालेल्या स्फोटाबद्दल बोलले, त्यावरून २०२४मध्ये त्यांना पाच वर्षांची कैद झाली. सप्टेंबर २०२३पासून तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘रशियन राज्यव्यवस्थेची मूलतत्त्वे’ हा विषय सक्तीचा आहे. तिथले लोक आपल्या देशाबद्दल लिहिताना तुरुंगाची तयारी ठेवून लिहितात. आपल्याला कोणी अडवलेलं नाही, आणि आपण मात्र २००८च्या आधीच्या नोट्स झेरॉक्स करतो. याची मला लाज वाटते. १९७१च्या मैत्री कराराबद्दल आपण अभिमानानं बोलतो, तेल घेतो, शस्त्रं घेतो, आणि त्या देशाची घटना उघडून बघायला आपल्याला वेळ नाही. माझं रशियन काही फार चांगलं नाही. संध्याकाळच्या वर्गांना दोन वर्षं जाऊन शिकले तेवढंच. पण ८१वं कलम वाचण्यापुरतं ते पुरलं.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘मॉस्को येथील क्रेमलिन’ असं छापलं आहे. रंगीबेरंगी घुमटांची ती वास्तू म्हणजे क्रेमलिन नव्हे. ते सेंट बेसिल चर्च, लाल चौकातलं, क्रेमलिनच्या भिंतीबाहेरचं. हीच चूक आपण फेब्रुवारीतही केली होती. तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत. निदान या वेळी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा