महोत्सवांचे मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग कोटेशनमध्येच घ्या

मा. संपादक,
स.न.

महोत्सवाचे मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे प्रत्येक माईकचा आवाज वेगळा नोंदवणे, आयोजकांनी साउंडवाल्याच्या कोटेशनमध्येच लिहून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. इंग्लंडमधला ग्लास्टनबरी महोत्सव एका दूधदुभत्याच्या शेतावर भरतो. तिथे २५ जून २००० रोजी, शेवटच्या रात्री, डेव्हिड बोवी हा रॉकगायक मुख्य कलाकार म्हणून गायला. टीव्हीवर त्यातला थोडाच भाग दाखवला गेला. संपूर्ण कार्यक्रमाचा अल्बम निघाला ३० नोव्हेंबर २०१८ रोजी. बोवी जानेवारी २०१६ मध्येच वारला होता. कुणीतरी ते रेकॉर्डिंग अठरा वर्षे सांभाळले, म्हणून त्या रात्री शेतात नसलेल्यांनाही ते ऐकायला मिळाले. पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या महोत्सवात वाजवून आले, त्याची ध्वनिमुद्रिका तर त्याच वर्षी आली.

खान्देशात हिवाळ्यात काय कमी गायले-वाजवले जाते? जळगावचे बहिणाबाई महोत्सव आणि बालगंधर्व संगीत महोत्सव, सारंगखेड्याची यात्रा, गावोगावचे उत्सव. अहिराणी गाणी, समूहाने गायचे वहीगायन, आदिवासी पट्ट्यातले पावरी हे फुंकवाद्य. दुसऱ्या दिवशी हातात उरतात ते मोबाइलवरचे फाटक्या आवाजाचे व्हिडिओ, आणि फार तर मिक्सरच्या मेन आउटवरून (सगळे आवाज एकत्र मिसळून स्पीकरकडे जातात तिथून) पेनड्राइव्हवर घेतलेले दोन ट्रॅक. आयोजकांना वाटते, रेकॉर्डिंग झाले. या दोन ट्रॅकचा अल्बम होत नाही. का होत नाही, ते नीट समजून घ्यावे म्हणून हे पत्र.

मैदानासाठीचे मिक्सिंग मैदानाची उणीव भरून काढत असते. ढोलकी, संबळ, ताशा स्टेजवरूनच पुढच्या दहा रांगांना दणकून ऐकू येतात, म्हणून साउंडवाला त्यांचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली ठेवतो. गायकाचा गळा मागे पोचत नाही, म्हणून त्याचा फेडर वर. मैदानात हे अगदी बरोबर. तेच मिश्रण घरी ऐकले की गायक कानाशी ओरडतो आणि ढोलकी शेजारच्या गल्लीत वाजते. टाळ्या, शिट्ट्या, ‘वन्स मोअर’ यातले काहीच नाही, कारण प्रेक्षकांकडे तोंड केलेला माईकच नसतो. आणि एकदा मिसळलेली ढोलकी पुन्हा धड वेगळी होत नाही; सॉफ्टवेअरने ओढून काढली तरी गायकाच्या आवाजाचे तुकडे तिच्याबरोबर येतात.

उपाय महागडा नाही. भाड्याने येणाऱ्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनेल, म्हणजे मिक्सरला जोडलेला एकेक माईक किंवा वाद्य, वेगळे रेकॉर्ड करण्याची सोय असतेच. बेहरिंजर एक्स-३२ किंवा मायडास एम-३२ मधून कार्ड व यूएसबी केबलमार्फत ३२ चॅनेल लॅपटॉपवर जातात, लहान एक्सआर-१८ मधून १८. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाला एका चॅनेलचा एक तास सुमारे ५२० एमबी घेतो. म्हणजे २४ चॅनेलचे तीन तास साधारण ३७ जीबी. पाचशे जीबीच्या एसएसडीत अख्खा महोत्सव बसतो.

चूक होते ती सिग्नल कुठून उचलायचा इथे. तो प्रीअँपच्या (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) लगेच पुढून, ईक्यू (आवाजाचा पोत बदलणारा), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारा) आणि फेडरच्या आधी घ्यावा. फेडरनंतर घेतला तर निवेदन चालू असताना खाली ओढलेली ढोलकी रेकॉर्डिंगमध्येही खालीच राहते, आणि गाण्याची पहिली चार आवर्तने गेलीच म्हणून समजा. साउंड चेकमध्ये कलाकार जपून गातो आणि गर्दी पाहिली की आवाज चढवतो. म्हणून चेकच्या वेळी सर्वांत जोरकस ओळ मिक्सरच्या मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवावी. कार्यक्रमात ती उणे १० पर्यंत गेली तरी जागा उरते. शून्याला लागलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. चेकनंतर गेनच्या (प्रीअँपने सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या) खुंटीला हात लावू नये, कमी-जास्त फेडरने करावे.

प्रेक्षकांसाठी दोन कंडेन्सर माईक लागतात. ते स्टेजच्या दोन्ही टोकांना, स्पीकरच्या रेषेच्या मागे, आठ-नऊ फूट उंच स्टँडवर, तोंड लोकांकडे आणि पाठ स्टेजकडे करून लावायचे. अशा माईकना मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज, म्हणजे ४८ व्होल्टचे फँटम, चालू आहे का, ते पाहावे. मिक्सरच्या मंडपात आणखी एक जोडी लावली तर गर्दी भरीव येते, पण मंडप स्टेजपासून १०० फुटांवर असेल तर आवाज तिथे सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ट्रॅक तसाच मिसळला की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. कार्यक्रमाआधी स्टेजच्या मध्यावर टिपरीचा एक खणखणीत ठोका रेकॉर्ड करून ठेवा. नंतर त्याच्या खुणेवर उशिराचा ट्रॅक तेवढा आधी ओढून जुळवता येतो.

आपल्या वाद्यांचे प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पावरीवाला नाचत वाजवतो. त्याच्यापुढे स्टँडचा माईक ठेवला तर वळणागणिक आवाज गायब होतो, म्हणून वाद्यालाच बसवता येईल असा छोटा वायरलेस माईक द्यावा. तो शिंगाच्या थेट तोंडाशी नको, नाहीतर नुसता गोंगाट येतो. संबळाच्या दोन्ही भांड्यांना स्वतंत्र माईक हवा. वहीगायनात सगळे एकत्र गातात, तिथे दहा माईक लावू नयेत. एकाचा आवाज शेजारच्या माईकमध्ये थोडा उशिरा शिरतो आणि सगळ्यांचा गळा पोकळ लागतो. तीन-चारच लावा, आणि गायक माईकपासून एक फुटावर असेल तर पुढचा माईक निदान तीन फुटांवर ठेवा. पेटीचा माईक भात्याच्या बाजूने लावला तर सुरांआधी हवा ऐकू येते.

सर्वांत जास्त रेकॉर्डिंग बिघडते ते विजेने. लाइटचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रे) आणि साउंड एकाच फेजवर घेतले की दिव्यांबरोबर आवाजात घरघर चढते-उतरते. साउंडला वेगळी फेज, जमले तर वेगळा जनरेटर द्यावा. मिक्सर, स्टेज आणि लॅपटॉप यांचे अर्थिंग मात्र एकाच जागी हवे. लॅपटॉपचा चार्जर लावताच घूं आवाज सुरू झाला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. कीबोर्डचा घूं डीआय बॉक्सवरच्या (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरच्या) ग्राउंड-लिफ्टच्या बटणाने जातो; ते फक्त सिग्नलच्या वायरचे अर्थिंग तोडते. पण घरघर थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत जीवघेणी आहे. ओल्या मैदानात उघड्या पायांनी माईक धरलेल्या माणसाला तिचा शॉक बसतो. असे करणाऱ्याला आयोजकांनी तिथल्या तिथे थांबवावे.

तापीकाठी डिसेंबरच्या रात्री दव पडते. मिक्सरवर कापड नको, प्लास्टिकच घाला. वाऱ्यासाठी माईकवर फोम आणि गायकांच्या चॅनेलला ९० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्जातला घुमारा कापणारी सोय) द्या. तो नंतर मिक्सिंग करतानाही लावता येतो. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथे लॅपटॉप सावलीत आणि खालून हवा लागेल असा ठेवावा.

हक्कांचे काम आधीच उरका. कॉपीराइट कायद्याने गायक-वादकांचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे राहतो, म्हणून ढोलकीवाल्यापासून कोरसपर्यंत प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. कार्यक्रम संपल्यावर एकेक जण आपापल्या गावी पांगतो आणि सही राहून जाते. बहिणाबाईंचे १९५१ मध्ये निधन झाले, त्यांच्या ओव्यांवरचा कॉपीराइट आता संपला आहे. मात्र त्यांना अलीकडे कुणी चाल लावली असेल तर ती चाल त्या संगीतकाराची. त्याला विचारल्याशिवाय अल्बम काढू नये. अल्बमवर वादकांची नावे छापावीत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

येत्या हंगामाच्या कोटेशनमध्ये आयोजकांनी एवढे लिहून घ्यावे: ‘सर्व चॅनेलचे स्वतंत्र रेकॉर्डिंग, फेडरच्या आधीचे, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, प्रेक्षकांसाठी दोन माईक, रेकॉर्डिंगवर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र माणूस, त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर प्रती.’ स्वतंत्र माणूस यासाठी, की मैदानाचा आवाज सांभाळणाऱ्याला लॅपटॉपचा पडदा पाहायला सवड नसते आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबले तर शेवटपर्यंत कळत नाही. मिक्सरच्या पट्टीवर स्केचपेनने ‘१ गायक, २ ढोलकी, ३ पेटी’ असे लिहिलेले असते, तिचा टेप सोलण्याआधी फोटो काढून त्याच डिस्कवर ठेवा. नाहीतर दहा वर्षांनी ‘ट्रॅक १७’ म्हणजे कोण, हे सांगणारा कुणी नसेल. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवू नका.

आपले,
ध्वनिव्यवस्था व ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
जळगाव, धुळे, नंदुरबार