मेन्टेनन्सचे काका आणि स्टोअरच्या ताई, मनापासून थँक्यू

इंजिनिअरिंगची वर्षभराची इंटर्नशिप चालू होती आणि मधेच माझे गाइड नोकरी सोडून गेले, प्रोजेक्ट बंद पडला, लॉगबुकवर (रोजच्या कामाच्या नोंदवहीवर) सही कोण करणार तेही कुणी सांगेना. रोज नुसतं बसून राहायचं, खूप रडू यायचं. तेव्हा मेन्टेनन्सचे एक काका म्हणाले, "चल गं, पंपाचं अलाइनमेंट करायचंय, डायल तू लाव." म्हणजे पंप आणि मोटरचे शाफ्ट (फिरणारे दांडे) एका रेषेत आणायचे, आणि डायल म्हणजे त्यांच्यातला बारीक फरक मोजणारं घड्याळासारखं मापक. शिफ्ट संपली होती त्यांची, तरी थांबले. वरती शून्य सेट कर, शाफ्ट ९०-९० अंश फिरव, चारही जागची रीडिंग लिही, आणि वर-खालच्या रीडिंगमधे जो फरक येतो त्याच्या निम्माच शाफ्ट खरा वरखाली असतो, हे सगळं त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं, मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून परत रीडिंग घ्यायला लावली. घाई अजिबात नाही, आवाज चढवणं नाही.

आणि स्टोअरच्या ताई! आमची धड ओळखही नव्हती, तरी माझं लॉगबुक घेऊन त्या स्वतः मॅनेजरच्या केबिनबाहेर थांबल्या आणि मला नवीन गाइड मिळवून दिला. रिपोर्ट मी त्याच पंपावर लिहिला आणि पास झाले. काका, ताई, तुमचे खूप खूप आभार.